व्रत आपल्या ताटापुरतं

“आई, आजपण ताटात टाकलंस?”

प्रफुल्लच्या आवाजात काळजी कमी आणि तक्रार जास्त होती. जमनाबाईंच्या ताटात मुगाची आमटी, दुधीची भाजी आणि भात जवळजवळ वाढला होता तसाच पडून होता. चार घास इकडचे तिकडे झाले होते, एवढंच.

“पोट भरलं रं,” जमनाबाई म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या.

“अन्नाला नाही म्हणू नये, आई. अन्न म्हणजे देव.”

जमनाबाईंनी मान डोलावली. मुलाशी वाद घालण्याची त्यांना सवय नव्हती. पण बेसिनपाशी उभ्या असलेल्या दीपिकाने सासूच्या दंडाकडे पाहिलं. गेल्या महिन्यात अंगाला बसणारं पोलकं आता ढगळ झालं होतं.

ज्या घरात कुणी आजारी नाही, कुणाशी भांडण नाही, दोन वेळचं चांगलं शिजतंय, अशा घरात एक माणूस हळूहळू वाळत जातो आणि बाकीच्यांना ते दिसत नाही. असं आपल्याकडे किती घरांत घडत असेल! बोईसरच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेमकं तेच चाललं होतं.

जमनाबाईंचा सारा जन्म दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर गेला होता. नवरा होडीवर जायचा, त्या मासळी सुकवायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजार करायच्या. नवरा गेल्यावरही त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. प्रफुल्लला त्यांनी आयटीआय शिकवलं ते बोंबील आणि सुकट विकून. तारापूरच्या कारखान्यात तो कामाला लागला, पुढे सुपरवायझर झाला, तेव्हा अख्ख्या आळीला त्यांनी पेढे वाटले होते. आता डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. चुलीचा धूर नको, वाकायचं नाही, वेळेवर थेंब टाकायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून प्रफुल्ल त्यांना बोईसरला घेऊन आला होता. मुलगा म्हणून त्याचं काही चुकलं नव्हतं.

पण या घरात मासळी शिजत नव्हती.

त्यामागेही एक कहाणी होती, आणि ती लपवण्यासारखी नव्हती. प्रफुल्लला मधली काही वर्षं दारूने गिळलं होतं. शिफ्ट सुटली की तो घरी यायच्या आधी गुत्त्यावर जायचा. नोकरी जायची वेळ आली होती. दीपिका लहानग्या मेघालीला घेऊन माहेरी निघून गेली होती. त्या काळात कारखान्यातल्याच इंद्रजीतभाऊंनी त्याला हाताला धरून आपल्या सत्संग मंडळात नेलं. दर गुरुवारी भजन, पोथीवाचन, नामस्मरण. प्रफुल्ल आधी लाजेकाजेस्तव गेला, मग ओढीने जाऊ लागला. दारू सुटली. दीपिका परत आली. त्या देवाने आणि त्या माणसांनी त्याला बुडता बुडता वर काढलं, यात शंका नाही.

मग त्याने मासे सोडले. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याच्याच मनाने घेतलं. कोळ्याच्या पोराने मासे सोडणं म्हणजे काही खायचं काम नाही! त्याला स्वतःचा अभिमान वाटला. पुढे कांदा गेला, लसूण गेला. आणि मग एक दिवस त्याने जाहीर केलं, “आता या घरात मासळी यायची नाही.” दीपिकाने विचार केला, बाटलीपेक्षा दुधी परवडला. ती गप्प बसली. मेघालीला कधी खावंसं वाटलं तर ती मैत्रिणीकडे खायची.

अडचण झाली ती जमनाबाई आल्यावर. त्यांच्या जिभेला साठ-पासष्ट वर्षांची एकच चव ठाऊक. सकाळी भाकरीबरोबर भाजलेली सुकट, दुपारी कालवण. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. मुलाच्या घरी मुलाच्या रीतीने राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण ठरवलं म्हणून घास घशाखाली उतरतो थोडाच? त्यात त्यांना साखरेचा आजार. गोळी चालू होती आणि पोटात काही जात नव्हतं.

दीपिकाने एकदा धीर करून विचारलं, “अहो, आईंना थोडी सुकट भाजून देऊ का? खिडकी उघडी ठेवते. पाहा ना, किती उतरल्यात त्या.”

“पारायण तोंडावर आलंय आणि तुला सुकट सुचतेय?” प्रफुल्ल कडाडला.

यंदा मंडळाचं पारायण त्याच्या घरी व्हायचं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा मान त्याला मिळत होता. ज्याला एके काळी लोक रस्त्यातून उचलून घरी आणत, त्याच्या घरी आता पोथी बसणार होती! इंद्रजीतभाऊ एवढंच म्हणाले होते, “प्रफुल्ल, घर आतून-बाहेरून शुद्ध हवं.” ते वाक्य प्रफुल्लच्या डोक्यात घर करून बसलं होतं.

सोमवारी संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या गेटवर इंद्रजीतभाऊ भेटले. बरोबर मंडळाचे आणखी दोघे होते.

“चल, जागा बघून घेऊ. पोथीचा चौरंग कुठे मांडायचा ते ठरवता येईल.”

प्रफुल्लला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. तो पुढे, ते तिघे मागे. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर तो थबकला. वास! भाजलेल्या सुकटीचा, तिखट-मिठाचा, ओळखीचा वास. लहानपणी शाळेतून येताना हाच वास त्याला लांबून घरी ओढून न्यायचा. पण आज त्याने मागे वळून तिघांकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या घरातून येत असेल, त्याने मनाची समजूत घातली. एकेक पायरी चढताना वास वाढतच गेला.

त्याने दार उघडलं. समोर जेवणाच्या टेबलाशी जमनाबाई बसल्या होत्या. ताटात गरम भाकरी आणि सुकट. कित्येक दिवसांनी त्या मन लावून जेवत होत्या. दीपिका दुसरी भाकरी घेऊन ओट्यापाशी उभी होती. सगळ्यांना दारात पाहून ती जागीच थिजली.

इंद्रजीतभाऊ उंबऱ्याच्या आत आले नाहीत. त्यांच्या बरोबरच्या एकाने नाकाला रुमाल लावला.

“असू दे प्रफुल्ल,” भाऊ हळू आवाजात म्हणाले, “जागेचं मग बघू.”

तिघे जिना उतरून गेले. त्यांच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत प्रफुल्ल दारातच उभा होता. कुणी मोठ्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, इतका तो आतून पेटला होता. त्याने दार आपटलं, टेबलापाशी आला आणि आईच्या पुढ्यातलं ताट उचललं.

“अहो!” दीपिका ओरडली.

जमनाबाईंचा हात घासासकट तसाच हवेत राहिला. प्रफुल्लने ताट नेऊन कचऱ्याच्या डब्यात पालथं केलं. भाकरी, सुकट, सगळं.

“या घरात राहायचं असेल तर या घराच्या रीतीने राहायचं! माझी इज्जत गेली आज. समजलं?”

अभ्यासाची वही हातात घेऊन आतून आलेली मेघाली बापाकडे बघतच राहिली.

“पप्पा,” ती म्हणाली, “आजीचं ताट होतं ते.”

“तू आत जा!”

जमनाबाईंनी हातातला घास सावकाश टेबलावर ठेवला. “सुनेला बोलू नको,” त्या म्हणाल्या, “मीच मागितली व्हती.”

त्यांनी मागितली नव्हती. दीपिकाने आपल्या मनाने भाजली होती. दीपिकाने तोंड उघडलं, पण सासूने नजरेनेच तिला थांबवलं. जमनाबाईंनी हात धुतले आणि भिंतीकडे तोंड करून पलंगावर पडल्या. दीपिकाने नंतर दूध नेऊन दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्ल अंघोळ करून पूजेला बसला होता. राग ओसरला होता, पण आपलं चुकलं असं काही त्याला वाटत नव्हतं. आवाज जरा चढला असेल, बाकी मी खोटं काय बोललो? त्याने अगरबत्ती लावली, डोळे मिटले. तेवढ्यात दीपिकाचा आवाज आला.

“आई घरात नाहीत!”

पलंग आवरलेला होता. चादरीची घडी पायथ्याशी. जमनाबाईंची कापडी पिशवी खुंटीवर नव्हती, चपला नव्हत्या. डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली मात्र तिथेच, आणि मोबाइलही तिथेच. शेजारी पाण्याचा रिकामा ग्लास होता आणि गोळीचं फाडलेलं वेष्टन.

दीपिकाने ते वेष्टन उचललं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“साखरेची गोळी घेतली त्यांनी. रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नाही आणि गोळी घेतली! डॉक्टर काय म्हणाले होते? उपाशीपोटी गोळी म्हणजे चक्कर येऊन पडतील, शुद्ध जाईल. अहो, त्या कुठे पडल्या तर?”

प्रफुल्ल अनवाणीच दाराबाहेर धावला. समोरच्या घरातल्या हंसाबेन दुधाची पिशवी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या, पांढऱ्या साडीतल्या हंसाबेन इमारतीत सगळ्यात आधी राहायला आलेल्या. जन्मापासून शाकाहारी. चातुर्मासात सूर्य मावळला की पाण्याशिवाय काही घेत नसत.

“हंसाबेन, आईला पाहिलंत?”

“उजाडता उजाडता जिना उतरताना पाहिली. मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाली, देवळात जाऊन येते.” हंसाबेन थांबल्या. “हातात पिशवी पाहून मला थांबवायला हवं होतं, प्रफुल्लभाई. माझी पण चूक झाली.”

“दातिवऱ्याला गेली असणार. न सांगता! लोक काय म्हणतील, याचा तरी विचार…”

“लोक?” हंसाबेनचा आवाज एकदम चढला. “अजून लोकच दिसतात तुला? काल जे झालं ते समोर माझ्या घरात मला सगळं ऐकू आलं.”

प्रफुल्ल चपापला. “तुम्ही तरी समजून घ्या, हंसाबेन. तुमच्याही घरात मासळी चालत नाही. तुम्हालाही वास आला असेल.”

“आला. रोज दुपारी तुझी आई माझ्याकडे येऊन बसते. तिच्या समुद्राच्या गोष्टी सांगते, मी माझ्या भावनगरच्या सांगते. मी जन्मात अंडं पाहिलं नाही आणि तिने जन्मभर मासळी विकली. तिचा हात हातात घेताना मला कधी वास नाही आला! अरे, मी व्रत करते ते माझ्यासाठी. माझी जीभ मला आवरता यावी म्हणून. दुसऱ्याच्या तोंडातला घास काढायला कोणत्या धर्मात सांगितलंय? सांग मला. व्रत आपल्या ताटापुरतं असतं, भाई. दुसऱ्याच्या ताटात हात घातला की ते व्रत राहत नाही, जुलूम होतो.”

“पण पारायण…”

“आई उपाशी आणि घरात पोथी! कोण ऐकायला येईल रे ती? देव तरी येईल का?”

हंसाबेनने त्याच्या पायाकडे बोट दाखवलं. “चपला घाल आणि जा. मेघालीला मी बघते. आधी आई शोध.”

मोटारसायकलवर मागे बसलेली दीपिका एक शब्द बोलली नाही. ती रडली असती, भांडली असती, तर प्रफुल्लला सोपं गेलं असतं. बोईसरच्या एस.टी. स्टँडवर चौकशी केली. काळा चष्मा लावलेली एक म्हातारी पालघरच्या गाडीत बसली, असं एका फेरीवाल्याने सांगितलं. प्रफुल्लने दातिवऱ्याला चुलत्याला, पंढरीकाकांना फोन लावला.

“जमनी? नाय रं, हितं नाय आली. दार बंदच हाय तिचं. का, काय झालं?”

“काही नाही काका. आली तर लगेच फोन करा.”

“अरं, पन तिचा डोला…”

त्याने फोन ठेवला. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच भाजू लागलं होतं. पालघरच्या रस्त्यावर कंपन्यांचे टँकर एकामागून एक चालले होते. उमरोळीच्या पुढे रस्त्याकडेला माणसांचा घोळका दिसला. त्याने गाडी थांबवली. दीपिका उतरून धावत गेली. एक टेम्पो कलंडला होता, कुणाला लागलं नव्हतं. ती परत येऊन बसली.

आता प्रफुल्लला नामस्मरण करायचं होतं. रोज हजार वेळा घेतलेलं नाव! पण ओठांवर येत होतं ते एकच वाक्य, “या घरात राहायचं असेल तर”. आपलाच आवाज. त्याने ते वाक्य कुणाला ऐकवलं होतं? दारूच्या नशेत तो गटारात पडला होता तेव्हा दातिवऱ्याहून येऊन त्याचे कपडे धुणाऱ्या बाईला. तिला तेव्हा वास आला नव्हता का? दारूचा, ओकारीचा? तिने नाकाला पदर लावल्याचं त्याला आठवेना.

पालघरच्या स्टँडवर चहाच्या टपरीवाल्याने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही.

“काळा चष्मेवाली? हां, पडली ना इथेच! चक्कर आली. घामाने पूर्ण भिजलेली. त्या भाजीवालीने रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.”

“जिवंत…” प्रफुल्लच्या तोंडून शब्द निघाला आणि त्याचा त्यालाच धक्का बसला.

“डोळे उघडले होते. जा तुम्ही लवकर!”

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक आदिवासी बाई भिंतीला टेकून बसली होती. शेजारी काकड्या आणि शिराळ्यांची टोपली, मांडीवर जमनाबाईंची कापडी पिशवी, हातात त्यांचा काळा चष्मा. दीपिकाने पिशवी ओळखली.

“या पिशवीवाल्या आई कुठे आहेत?”

बाईने दोघांना खालून वर न्याहाळलं. “तुमची हाय काय म्हातारी? आत हाय. बाटली लावली हाय.” तिचं नाव पारू होतं, मासवणहून ती भाजी घेऊन बाजाराला आली होती. “माझ्या म्होरंच पडली. आंग गार, दातखीळ बसलेली. मी चहात मूठभर साखर घातली नि चमच्या चमच्यानं पाजली. डाक्टर बोलला, बरं केलंस, नायतर गेली असती. अशा म्हाताऱ्या मान्साला उपास कशाला करू देता रं तुमी?”

“उपास?” प्रफुल्लला कळेना.

“तीच बोलली. आज माजा उपास हाय, बोलली. नि तू तिचा पोरगा काय? तुजंच कवतिक चाललं व्हतं तिचं. पोरगा लय देवमाणूस हाय, बोलत व्हती. घरात पोथी बसणार हाय.”

प्रफुल्ल भिंतीला टेकला. आज ना एकादशी होती, ना चतुर्थी.

आत खाटेवर जमनाबाई पडल्या होत्या. हाताला सलाईन, चेहरा सुकलेल्या बोंबलासारखा. तरुण डॉक्टर कागदावर काही लिहीत होता. मुलाला पाहताच जमनाबाईंनी मोकळ्या हाताने त्याला जवळ बोलावलं. तो खाली वाकला, तशा त्या त्याच्या कानात कुजबुजल्या,

“डाक्टरला मी उपास सांगितलाय. तू कायच बोलू नको. नि तुजी कामाची पाळी हुकली ना रं माज्यापायी?”

ज्या मुलाने ताट ओढून घेतलं, त्याची अब्रू झाकायला ती मरणाच्या दारातून खोटं बोलत होती! प्रफुल्लच्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं.

“तुम्ही मुलगा का?” डॉक्टरने मान वर केली. “अहो, मधुमेहाच्या पेशंटला उपास करू देता? ताबडतोब साखर मिळाली म्हणून वाचल्या. घरात कुणी समजावत नाही का?”

क्षणभर गप्प राहणं सोपं होतं. आईने वाट करून ठेवलीच होती. पण प्रफुल्ल सरळ उभा राहिला.

“उपास नव्हता, डॉक्टर. काल संध्याकाळी ती जेवत होती. मी तिच्या पुढ्यातलं ताट काढून कचऱ्यात टाकलं.”

डॉक्टरच्या हातातलं पेन थांबलं. दाराशी आलेली पारू तोंडावर हात ठेवून उभी राहिली. दीपिकाने नवऱ्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

“आये!” प्रफुल्लने आईचे पाय धरले. आये ही हाक त्याने बोईसरला आल्यापासून टाकून दिली होती. “मला माफ कर. आये, मी काय केलं हे!”

“उठ. लोक बघतात,” जमनाबाई म्हणाल्या. मग छताकडे बघत त्या बोलू लागल्या. “मी तुज्या देवाला नावं नाय ठेवत, पोरा. त्यानंच तुला बाटलीतून भायेर काडला. मी रोज त्याला हात जोडते. तू मासं सोडलंस, मना राग नाय. सोडलंस ते बरं, तुजं मन बळकट झालं. पन आमचा दर्या बी देवच हाय. नारळी पुनवेला आमी त्याच्या पाया पडतो, तवा होडी पान्यात घालतो. त्यानं दिलं ते खाऊन तू मोटा झालास. तुज्या घरात तुजा देव आला, नि तुज्या आईचा वास यायला लागला… मना एवडंच लागलं रं. ताटाचं काय नाय.”

प्रफुल्लने तिचा मोकळा हात आपल्या कपाळाला लावला.

पारू जायला निघाली तेव्हा त्याने खिशात हात घातला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की हात तसाच बाहेर आला. “बाजार व्हायचा हाय अजून,” ती म्हणाली, टोपली डोक्यावर चढवली आणि जमनाबाईंना “येते गं बाय” करून निघून गेली. त्या दोघी एकमेकींना सकाळपर्यंत ओळखतही नव्हत्या.

दुपारनंतर डॉक्टरांनी सोडलं. प्रफुल्लने रिक्षा बोलावली आणि आईला म्हणाला, “चल घरी.”

“घरीच जाते. दातिवऱ्याला.”

“आये, तुझा डोळा अजून…”

“डोल्याला हितं नि तितं सारकंच. रागानं नाय जात. चार दिस माज्या दारात बसू दे.”

यापूर्वी त्याने हुकूम सोडला असता. आज त्याने रिक्षावाल्याला दातिवऱ्याचा रस्ता सांगितला. डोळ्याचे थेंब टाकायला दीपिका सासूबरोबर राहिली. संध्याकाळी पंढरीकाकांच्या घरून ताज्या बोयट माशांचं कालवण आलं. जमनाबाई पडवीत बसून जेवल्या. शेजारी प्रफुल्ल ताट घेऊन बसला, त्याच्या ताटात भात आणि वरण. मधूनच आईने बोटांनी काटा काढला, तेव्हा त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. त्याला ना किळस आली, ना मोह झाला. आई पोटभर जेवतेय, एवढंच त्याला दिसत होतं. त्याचं व्रत जागच्या जागी होतं. कुणाच्या काट्याने ते मोडलं नव्हतं.

गुरुवारी तो मंडळात गेला. भजन संपल्यावर उभा राहिला. दारू सोडल्याचं सांगायला पहिल्यांदा उभा राहिला होता तेव्हाही त्याला इतकं जड गेलं नव्हतं. झालेलं सगळं त्याने सांगितलं, काही लपवलं नाही. मग म्हणाला,

“भाऊ, तुम्ही मला जगवलंत, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. दारूला मी शिवणार नाही, मासळी मी खाणार नाही. पण माझी आई घरी येईल तेव्हा तिच्या ताटात तिला हवं ते असेल. असं घर पारायणाला चालत असेल तर माझं दार उघडं आहे. चालत नसेल तर पारायण जिथे असेल तिथे मी सतरंज्या घालायला येईन.”

सभेत कुजबुज झाली. “नियम म्हणजे नियम,” कुणीतरी म्हणालं. मागे बसलेली एक तरुण सून पदराने डोळे टिपत होती, तिच्या मनात काय होतं कोण जाणे!

“पारायण यंदा दुसरीकडे घेऊ,” अखेर इंद्रजीतभाऊ म्हणाले.

प्रफुल्लने मान झुकवली. मान गेला होता, पण त्याला हलकं वाटत होतं. बाहेर चपला घालताना खांद्यावर हात पडला. इंद्रजीतभाऊच होते.

“त्या दिवशी मी उंबऱ्यातून परत फिरलो,” ते अडखळत म्हणाले. “आई जेवत होत्या. मी आत येऊन नमस्कार करून जायला हवं होतं. नियमाचं लोकांना पटायला वेळ लागेल. पण नमस्काराला कुणाची परवानगी लागत नव्हती, प्रफुल्ल. दातिवऱ्याला जाशील तेव्हा मला बरोबर ने.”

माणसं बदलतात ती अशीच, एकदम नाही, एकेक पाऊल. जमनाबाई दिवाळीला बोईसरला आल्या, त्या स्वतःच्या पायाने आणि स्वतःच्या मर्जीने. हंसाबेन दारात वाट बघत उभ्याच होत्या.

आणि आपण? आपल्यापैकी कुणी उपास करतो, कुणी माळ घालतो, कुणी चहा सोडतो, कुणी पहाटे उठून नाम घेतो. जरूर करावं. त्याने मन घट्ट होतं, आयुष्याला वळण लागतं. पण अधूनमधून घरातल्या माणसांच्या ताटांकडेही पाहावं. आपल्या पुण्यापायी कुणी उपाशी तर उठत नाही ना? आपल्या पावित्र्यापुढे कुणाला आपल्याच घरात परकं तर वाटत नाही ना? श्रद्धा माणसाला मऊ करते. जी श्रद्धा माणसाला कठोर करते, तिच्यात श्रद्धा कमी आणि अहंकार जास्त असतो. नियम स्वतःसाठी कडक असावा आणि दुसऱ्यासाठी हात नेहमी मोकळा असावा, वाढण्यासाठी, सावरण्यासाठी. देवाला आपल्या घरी यायचं असेल, तर तो आधी स्वयंपाकघरात डोकावून विचारेल, “सगळे जेवले का?”